गणिताचा ऑनलाइन होमवर्क चार कॉलेजांनी मिळून कसा लावायचा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात डिग्री कॉलेजात नाहीतर इंजिनिअरिंगला गणित शिकवणाऱ्या प्रत्येकाकडं आपापला एक फोल्डर असतोच. त्यात जुने क्वेश्चन पेपर, कधीतरी टाइप केलेल्या असाइनमेंट, कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेले वहीचे फोटो. आणि तोच मॅट्रिक्सच्या रँकचा प्रश्न आपण, शेजारच्या कॉलेजातल्या मॅडम आणि निपाणीचे सर असे तिघं तीन ठिकाणी रात्री बसून टाइप करत असतो. हे सगळं एकत्र आलं तर दर आठवड्याला मुलांना नीट होमवर्क देता येतो, ऑनलाइन, सोडवला की लगेच बरोबर-चूक कळणारा, प्रत्येकाला वेगळे आकडे येणारा. पण एकत्र करायचं म्हणजे सगळ्यांचे फोल्डर एका ड्राइव्हमध्ये ओतायचे असं नव्हे, तसं केलं की महिनाभरात कुणालाच काही सापडेना होतं आणि परत जो तो आपलं आपलं टाइप करायला लागतो. कसं करायचं ते खाली सविस्तर लिहितेय, घाई करू नका, पहिले दोन मुद्दे नीट जमले की बाकीचं सोपं आहे.

सगळ्यात आधी हे पक्कं करा की साठवायचं ते एकेक गणित, असाइनमेंट नव्हे. आपली सवय असते "असाइनमेंट १", "असाइनमेंट २" अशा फाइल ठेवायची, एकेकात दहा-बारा गणितं. दुसऱ्या कॉलेजला त्यातली चारच पाहिजे असतात, मग ते कॉपी करून नवीन फाइल करतात, एखादा आकडा बदलतात, आणि मूळ फाइलीत नंतर कुणी चूक दुरुस्त केली तरी त्या कॉपीत ती तशीच राहते. त्यापेक्षा प्रत्येक गणित स्वतंत्र, त्याला स्वतःचा नंबर, आणि सेट म्हणजे फक्त नंबरांची यादी. यादी प्रत्येक कॉलेजची वेगळी, गणितं सगळ्यांची एकच. अमेरिकेत रोचेस्टर युनिव्हर्सिटीत १९९०च्या दशकात मायकेल गेज आणि अर्नल्ड पायझर या दोन प्राध्यापकांनी वेबवर्क नावाची होमवर्कची सिस्टिम बनवली, फुकट आणि ओपन सोर्स, आजही चालू आहे, तिच्यात नेमकं असंच आहे: गणिताची फाइल वेगळी आणि सेटची फाइल म्हणजे कुठली गणितं कुठल्या क्रमानं आणि शेवटची तारीख कधी एवढंच. त्यांच्या ओपन प्रॉब्लेम लायब्ररीत ३५,००० हून जास्त गणितं आहेत आणि जगभरातले शिक्षक एकमेकांची वापरतात, ते जमतं ते या रचनेमुळं.

आपल्याकडं तर याची जास्तच गरज आहे कारण सिलॅबस किती वेळा हलतो बघा की. राणी चन्नम्मा युनिव्हर्सिटी २०१० ला झाली, त्याआधीचे पेपर धारवाडच्या कर्नाटक युनिव्हर्सिटीचे. मग २०२१-२२ ला एनईपी, म्हणजे नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं, चार वर्षांची डिग्री, पेपरांची नावं बदलली, आणि २०२४-२५ पासून परत तीन वर्षांची. इंजिनिअरिंगच्या व्हीटीयूला, म्हणजे विश्वेश्वरय्या टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीला, २०१८ ची स्कीम, २०२१ ची स्कीम, २०२२ ची स्कीम, दरवेळी मॉड्यूल इकडचं तिकडं. आता ज्यानं आपली गणितं "सेम १ पेपर २ युनिट ३" अशा नावानं ठेवली त्याचं सगळं दोन वर्षांत मोडीत निघालं. पण गॉस एलिमिनेशन कुठल्याही सेमिस्टरला गेलं तरी गॉस एलिमिनेशनच राहतं. म्हणून वर्गीकरण विषयावरून करा, सेमिस्टर आणि पेपर कोड फक्त सेटच्या यादीत लिहा. असं केलं की चंदगड-गडहिंग्लजकडचे शिवाजी युनिव्हर्सिटीखालचे शिक्षकसुद्धा यात येऊ शकतात, त्यांचा सिलॅबस वेगळा, गणितं तीच.

वर्गीकरणाला तीन पायऱ्या पुरतात. विषय, प्रकरण, आणि नेमकं कौशल्य. म्हणजे लिनिअर अल्जिब्रा, त्यात रँक, त्यात एकेलॉन फॉर्मवरून रँक काढणं. वेबवर्कच्या लायब्ररीतही प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर विषय, प्रकरण, सेक्शन, लेखक, कॉलेज आणि अवघडपणाची लेव्हल लिहिलेली असते. लेव्हल त्यांनी १ ते ६ ठेवल्यात, आपल्याला माझ्या मते तीनच बास: सरळ, मधलं, विचार करायला लावणारं. सहा ठेवल्या तर तिसरी की चौथी यावरच वाद होत राहणार. ही विषयांची यादी गणितं गोळा करायच्या आधी सगळ्यांनी मिळून एकदा बसून करायची, एक रविवार द्या त्याला, आणि प्रत्येक गणिताला एक ओळ अशी जी गूगल शीट करायची तिच्यात ड्रॉपडाउन लावून टाका म्हणजे एकाच गोष्टीला एक जण "आयगन", दुसरा "आयजेन", तिसरा "कॅरॅक्टरिस्टिक रूट" असं टाइप करणार नाही. नवीन प्रकरण घालायचं असेल तर ग्रुपवर विचारून घालायचं.

नंबराबद्दल एकच सांगते, नंबरात अर्थ भरू नका. "लिन-०४७" एवढं पुरे. लेव्हल, लेखक, वर्ष हे सगळं शीटच्या रकान्यात जाऊ दे. आणि गणित काढून टाकलं तरी तो नंबर परत दुसऱ्याला द्यायचा नाही, नाहीतर जुन्या सेटमध्ये भलतंच गणित येऊन बसतं.

आता मला जो रकाना सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो, आणि तो बहुतेक जण ठेवतच नाहीत: हे गणित कुठली चूक पकडतंय. आपल्या या सामायिक साठ्यात, म्हणजे गणितांच्या बँकेत, हजार गणितं असली आणि हे माहीत नसलं तर सेट लावताना आपण अंदाजानंच दहा उचलतो. उदाहरण घ्या, चेन रूल, म्हणजे फंक्शनच्या आत फंक्शन असताना डेरिव्हेटिव्ह काढायचा नियम. एक्स अधिक चार, याचा पाचवा घात, डेरिव्हेटिव्ह काढा. मुलानं आतल्याचं डेरिव्हेटिव्ह घ्यायचं विसरलं तरी उत्तर बरोबरच येणार, कारण आतल्याचं डेरिव्हेटिव्ह एक आहे. म्हणजे हे गणित चेन रूलच्या नावाखाली आहे पण चेन रूल तपासतच नाही. त्याऐवजी तीन एक्स वर्ग अधिक एक, याचा पाचवा घात घ्या. बरोबर उत्तर तीस एक्स गुणिले कंसाचा चौथा घात, आणि विसरलेल्याचं येणार पाच गुणिले कंसाचा चौथा घात. चूक लगेच उघडी पडते, आणि मशीनला आधीच सांगून ठेवता येतं की हे दुसरं उत्तर आलं तर "आतल्या फंक्शनचं डेरिव्हेटिव्ह राहिलं का बघ" असा मेसेज दाखव. एका गणिताला एक नाहीतर दोन चुका लिहा, जास्त नकोत. हे लिहायला वेळ लागतो हे खरंय, पण वर्गात फळ्यापुढं उभं राहिलं की पोरं कुठं अडकतात ते आपल्याला माहीत असतं, ते ज्ञान आपल्या डोक्यात राहून रिटायर होण्यापेक्षा या रकान्यात उतरलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. नवीन आलेल्या लेक्चररला याच्याइतकी मदत दुसऱ्या कशाची होत नाही.

पुढं वेगळ्या आकड्यांची गोष्ट. प्रत्येक मुलाला वेगळे आकडे दिले की ग्रुपवर उत्तर फिरवून उपयोग होत नाही, पद्धत मात्र एकमेकांना विचारावी लागते, आणि ती विचारलेली चांगलीच. पण आकडे नुसते यादृच्छिक सोडले की गणित बिघडतं, हे इथं नीट समजून घ्या. रँकचंच बघा, म्हणजे मॅट्रिक्समध्ये एकमेकींवरून न निघणाऱ्या ओळी किती, तीन बाय तीनच्या मॅट्रिक्समध्ये नऊ आकडे असेच उचलले तर जवळजवळ प्रत्येक वेळी रँक तीनच येणार, मुलं न सोडवताच तीन लिहून मोकळी. म्हणून उलट्या बाजूनं बनवायचं. पहिल्या दोन ओळी घ्या, तिसरी ओळ म्हणजे पहिलीची काही पट अधिक दुसरीची काही पट, रँक दोन झाली. आता तिसऱ्या ओळीच्या शेवटच्या आकड्यात के मिळवा, के शून्य आला तर रँक दोन, नाहीतर तीन, आणि के कधी शून्य कधी दुसरा काही येईल असं मशीनला सांगा. फक्त पहिल्या दोन ओळींच्या पहिल्या दोन कॉलमचा डिटर्मिनंट शून्य नको हे तपासा, नाहीतर के कितीही घेतला तरी मॅट्रिक्सचा डिटर्मिनंट शून्यच राहतो आणि रँक तीनवर जातच नाही.

आयगन व्हॅल्यूचंही तसंच. मॅट्रिक्स आधी घेतला तर वर्गमुळांची उत्तरं येतात आणि पोरं आकडेमोडीतच थकतात. आयगन व्हॅल्यू आधी ठरवा, त्यांचा डायगोनल मॅट्रिक्स, आणि दोन्ही बाजूंना एक पूर्णांकी मॅट्रिक्स आणि त्याचा इन्व्हर्स, ज्याचा डिटर्मिनंट एक आहे असा, म्हणजे मधे अपूर्णांक येतच नाहीत. गॉस-सायडलला, म्हणजे पायरीपायरीनं उत्तराच्या जवळ जायच्या पद्धतीला, आकडे बदलताना प्रत्येक ओळीतला डायगोनलचा आकडा, वजा चिन्हं सोडून, बाकीच्यांच्या बेरजेपेक्षा मोठा राहील असंच उचलायचं, नाहीतर एखाद्या बिचाऱ्या मुलाचं गणित कन्व्हर्जच होत नाही आणि ते रात्रभर स्वतःलाच दोष देत बसतं. किती इटरेशन आणि किती दशांश स्थळं ते प्रश्नातच लिहा, आणि उत्तराला थोडी सूट ठेवा, तीन दशांश मागितले असतील तर शेवटच्या अंकात एक-दोनचा फरक चालू दे.

काही गणितांत आकडे बदलून फरकच पडत नाही, तीही ओळखायला शिका. इंजिनिअरिंगच्या पहिल्या सेमचं आपल्या सगळ्यांचं लाडकं गणित, आर बरोबर ए कंसात एक अधिक कॉस थीटा आणि आर बरोबर बी कंसात एक वजा कॉस थीटा, हे दोन कर्व्ह काटकोनात छेदतात. ए आणि बी काहीही घ्या, काटकोनच येणार. हे कागदावर सिद्ध करायला द्यायचं गणित आहे, ऑनलाइन डब्यात ९० टाइप करायला लावायचं नव्हे. ऑनलाइनला त्याचाच एक तुकडा घ्या: पहिल्या कर्व्हवर थीटा ६० अंश असताना रेडियस व्हेक्टर आणि टँजंट यांच्यातला कोन किती. तिथं कोन ९० अधिक थीटाचा निम्मा येतो, म्हणजे १२०, आणि थीटा बदलला की उत्तर बदलतं. सिद्धतेची गणितं बँकेत ठेवाच, फक्त "कागदावर" अशी खूण करून, सेटमध्ये दर आठवड्याला एक तरी कागदावरचं असू दे, नाहीतर मुलं पायऱ्या लिहायचं विसरतात आणि परीक्षेत मार्क पायऱ्यांनाच आहेत.

तसंच लॅम्डा आणि म्यूच्या कोणत्या किमतींना सिस्टिमला सोल्यूशन नाही, एकच आहे, अनंत आहेत, हे जे ठरलेलं गणित आहे त्याला उत्तराचे तीन डबे ठेवा. एकच डबा ठेवला तर दोन भाग बरोबर आलेल्या पोरालाही शून्य मिळतं, आणि आपल्याला कळत नाही की अडलं कुठं.

कुठल्या सॉफ्टवेअरवर करायचं हा प्रश्न लोक पहिल्यांदा विचारतात, मी मुद्दाम एवढ्या उशिरा घेतलाय. गूगल फॉर्म सगळ्यांना येतो, पण तो लिहिलेलं उत्तर अक्षर न् अक्षर जुळवून बघतो. टू साइन एक्स कॉस एक्सचं इंटिग्रल एक जण साइन स्क्वेअर एक्स लिहिणार, दुसरा वजा कॉस स्क्वेअर एक्स, तिसरा वजा अर्धा कॉस टू एक्स. तिन्ही बरोबर, फरक फक्त कॉन्स्टंटचा, आणि फॉर्म दोघांना चूक देणार. मग पोरगं येऊन म्हणतं, "मॅडम, आन्सर बरोबर हाय की ओ, मशीन चूक म्हणालाय", आणि त्याचं म्हणणं खरं असतं. असं दोनदा झालं की मुलांचा ऑनलाइन होमवर्कवरचा विश्वासच उडतो. म्हणून फॉर्म वापरायचाच असेल तर पूर्णांक उत्तरं आणि पर्यायवाले प्रश्न एवढ्यापुरताच.

त्याच्या पुढं मूडल, कोर्स आणि टेस्ट ऑनलाइन चालवायचं सॉफ्टवेअर. मार्टिन डुगियामास यांनी काढलेलं, २००२ पासून फुकट उपलब्ध, कॉलेजकडं सर्व्हर आणि बघणारा एक माणूस असेल तर उत्तम. त्यात क्वेश्चन बँक आहे, कॅटेगरी आहेत, टॅग आहेत, कॅल्क्युलेटेड प्रकारच्या प्रश्नात आकडे बदलता येतात, आणि बँक एक्सएमएल फाइल करून दुसऱ्या कॉलेजच्या मूडलमध्ये जशीच्या तशी घालता येते. मूडलवर स्टॅक नावाचं प्लगइन बसवलं तर खरी मजा आहे, क्रिस सँगविन यांचं काम, ते मागं मॅक्सिमा नावाचा बीजगणित करणारा प्रोग्रॅम चालवून उत्तराचं बीजगणित तपासतं, इंटिग्रल असेल तर डेरिव्हेटिव्ह घेऊन जुळतंय का बघतं, आणि वर सांगितलेला "आतलं राहिलं का बघ" हा मेसेज यातच सगळ्यात चांगला देता येतो. वेबवर्कही तसंच ताकदीचं, फंक्शनचं उत्तर असेल तर ते एक्सच्या यादृच्छिक उचललेल्या काही किमतींना मुलाचं आणि आपलं अशी दोन्ही उत्तरं काढून जुळवतं, पण त्याची पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेवर बसलेली भाषा शिकावी लागते आणि सर्व्हर सांभाळावा लागतो. सर्व्हरच नाही अशा कॉलेजला मायओपनमॅथ आहे, डेव्हिड लिपमन यांनी उभं केलेलं, त्यांच्याच सर्व्हरवर चालतं आणि फुकट आहे, शिक्षक म्हणून अकाउंट मागताना आपण खरंच शिकवतो हे पटवून द्यावं लागतं. सगळी कॉलेजं एकाच सॉफ्टवेअरवर यावीत असा हट्ट धरू नका. शीट हा खरा पाया, त्यात गणित साध्या शब्दांत आणि लाटेकमध्ये (गणिताची चिन्हं टाइप करायची पद्धत), उत्तर, आकडे कसे बदलायचे त्याचा नियम, आणि चुकांचा रकाना. एवढं असलं की मूडलवाला मूडलमध्ये घालील, फॉर्मवाला फॉर्ममध्ये. लाटेक येत नसेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये शिकायची सोय आहे, त्यांचे धडे मराठी आणि कन्नडमध्येही करतात.

बाहेरच्या लायब्ररीतनं गणितं घेताना ती आपली करून घ्या. तिथं फूट, मैल, डॉलर, फॅरेनहाइट असतं, आपल्या पोराचं अर्धं डोकं त्यातच जातं. गोकाकचा धबधबा ५२ मीटर आहे, वरनं सुटलेला दगड खाली यायला किती वेळ, हवेचा अडथळा सोडून, ९.८ धरून साधारण ३.२६ सेकंद येतात. फाउंड्रीतलं कास्टिंग थंड होतंय, त्याला न्यूटनचा कूलिंगचा नियम, बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत ज्याचा बाप किंवा भाऊ कामाला आहे ते पोर हे गणित डोळ्यासमोर आणू शकतं. हिडकल धरणाच्या पाण्यावर रेट ऑफ चेंज, निपाणीच्या तंबाखूच्या गठ्ठ्यांवर सरासरी. फक्त आकडे खरे म्हणून द्यायचे असतील तर तपासून द्या, नाहीतर "समजा" लिहा.

भाषेचं थोडक्यात. पेपर इंग्रजीत असतो म्हणून गणिताचा मजकूर इंग्रजीतच ठेवा, सवय व्हायला पाहिजे. पण हिंट मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही. आपल्या वर्गात मराठी माध्यमातनं आलेली आणि कन्नड माध्यमातनं आलेली पोरं एकाच बाकावर असतात आणि पहिल्या सेमिस्टरला दोघांची अडचण एकच असते, गणित येतं पण प्रश्नच कळत नाही. "हेन्स डिड्यूस" म्हणजे काय करायचं, "नॉन-ट्रिव्हियल" म्हणजे कुठलं, एवढं दोन ओळीत आपल्या भाषेत मिळालं तरी पोर पुढं जातं. कन्नड हिंट गूगलवर करून टाकू नका, कन्नड विषयातले नाहीतर गणितातलेच कन्नड बोलणारे सहकारी प्रत्येक कॉलेजात आहेत, त्यांना विचारा, आनंदानं करतात.

तपासणीशिवाय एकही गणित मुलांपर्यंत जाऊ द्यायचं नाही. नियम एकच ठेवा: ज्यानं लिहिलं त्यानं तपासायचं नाही, दुसऱ्या कॉलेजच्या माणसानं उत्तर न बघता, मुलासारखं बसून, मोबाइलवर सोडवायचं. मोबाइलवर म्हटलं कारण मुलं मोबाइलवरच सोडवतात, आणि लॅपटॉपवर सुंदर दिसणारा चार बाय चारचा मॅट्रिक्स मोबाइलवर उजवीकडं कापला जातो. आकडे बदलणारं असेल तर निदान पाच वेळा वेगवेगळे आकडे आणून बघा, एकदा तरी शून्य किंवा ऋण आकडा येऊन काहीतरी विचित्र होतंच. शीटमध्ये तीन खुणा ठेवा, कच्चं, तपासलं, वर्गात वापरलं. आणि सोडवायला लागलेला वेळ तपासणाऱ्यानं लिहून ठेवायचा, मुलांना त्याच्या तिप्पट लागतो असं मी धरते.

सेट लावताना आठ गणितं पुरेत. दोन सरळ, हात बसायला, चार त्या आठवड्याच्या मुख्य कौशल्याची आणि वेगवेगळ्या चुका पकडणारी, एक मागच्या महिन्यातलं, एक विचार करायला लावणारं. मागच्या महिन्यातलं सोडू नका, गणित विसरायला पोरांना तीन आठवडे पुरतात. प्रयत्न किती द्यायचे याबद्दल मतं आहेत, मी लिहायच्या उत्तराला भरपूर देते आणि पर्यायवाल्याला दोनच, कारण पर्यायात अंदाज लावत बसतात. शेवटची वेळ रविवारी रात्री बारा अशी ठेवू नका. कणकुंबी-जांबोटीकडच्या, खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या पोरांना घरी नेटवर्क मिळेलच असं नाही, पावसाळ्यात लाइट जाते, ती पोरं कॉलेजात आल्यावरच भरू शकतात. मंगळवारी किंवा बुधवारी कॉलेज सुटल्यानंतर तासाभरानं बंद होईल असं ठेवा, बस पकडायच्या आधी होऊन जातं. सेट उघडला त्या दिवशी पीडीएफही द्या, मुलं बसमध्ये, घरी वहीत सोडवतील आणि दुसऱ्या दिवशी फक्त उत्तरं भरतील. याला मार्क थोडेच ठेवा. फोटो काढला की उत्तर देणारी ॲप आज सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहेत, त्यामुळं जास्त मार्क ठेवले की होमवर्क ॲपच करणार. त्याऐवजी मुलांना सरळ सांगा की इंटर्नल टेस्टमध्ये यातलीच दोन गणितं आकडे बदलून कागदावर येणार, आणि खरंच आणा.

सेट बंद झाला की काम संपलं असं नव्हे, उलट खरी माहिती तेव्हाच येते. कुठल्या गणिताला जवळजवळ सगळे चुकले ते बघा. सगळे चुकले तर आधी गणितावर संशय घ्या, उत्तर चुकीचं भरलंय का, भाषा गोंधळाची आहे का. ते नसेल तर आपण शिकवताना काही सुटलंय, पुढच्या तासाला पहिली दहा मिनिटं तेच घ्या. पोरांनी भरलेली चुकीची उत्तरं वाचली की चुकांचा रकाना भरायला नवीन माल मिळतो, हे मला सगळ्यात आवडणारं काम आहे, एकेका उत्तरामागं पोरानं काय विचार केला असेल ते ओळखायला लागतं. चूक सापडली की शीटमध्ये तारीख घालून लिहायचं आणि सगळ्या कॉलेजांना कळवायचं, गुपचूप आकडा बदलायचा नाही, कारण शेजारच्या कॉलेजात त्याच क्षणी तो सेट चालू असू शकतो.

पुस्तकातनं किंवा गाइडमधनं पानंच्या पानं टाइप करू नका. पद्धत कुणाच्या मालकीची नसते पण लिहिलेला मजकूर आणि निवड लेखकाची असते, आकडे, शब्द, क्रम आपला करा. युनिव्हर्सिटीच्या पेपरवरनं घेतलं तर युनिव्हर्सिटी, महिना, वर्ष लिहा, मुलांनाही त्याची किंमत असते. बाहेरच्या लायब्ररीतलं बदलून घेतलं तर मूळ लेखकाचं नाव पुसायचं नाही आणि तिथल्या लायसनमध्ये काय चालतं ते वाचायचं. आपल्या बँकेला क्रिएटिव्ह कॉमन्सचं एक लायसन सुरुवातीलाच ठरवून टाका, उद्या एखादा क्लासवाला सगळं उचलून विकायला लागला तर भांडायला आधार पाहिजे. मुलांचे रोल नंबर, मार्क, फोन हे या सामायिक जागेत चुकूनही नको, ते ज्या त्या कॉलेजपाशी. उत्तरांचा फोल्डर वेगळा, आणि त्याची लिंक फक्त शिकवणाऱ्यांकडं.

शेवटी मालकी. आपल्याकडं गणिताचे कितीतरी तास गेस्ट लेक्चरर घेतात, आणि पुढच्या वर्षी तेच असतील याची खात्री नसते. शीट आणि ड्राइव्ह एखाद्याच्या खासगी जीमेलवर असेल तर तो माणूस दुसरीकडं गेला, अकाउंट बंद पडलं, की सगळ्यांची मेहनत अडकते. म्हणून डिपार्टमेंटच्या नावानं वेगळं अकाउंट काढा, पासवर्ड निदान दोन कॉलेजातल्या दोघांकडं, आणि दर सेमिस्टरच्या शेवटी, परीक्षेची हॉल तिकिटं वाटायच्या आठवड्यात, एकानं शीट एक्सेल करून आणि मूडलची बँक एक्सएमएल करून प्रत्येक कॉलेजला एकेक कॉपी पाठवायची. कुणी पाठवायची त्याचं नाव शीटच्या पहिल्या ओळीत लिहा, आणि दरवर्षी कॉलेज बदलून ते काम फिरतं ठेवा. गेस्ट लेक्चररनी लिहिलेल्या गणितावर त्यांचं नाव लेखक म्हणून कायम राहू दे, ते कुठंही गेले तरी.